खंडिता मेडम, मत तुम्हालाच

शिक्षक संघाचा अध्यक्ष काय करतो, असं कुणी विचारलं तर मी तपशीलवार सांगू शकते. ती सगळी कामं बरीच वर्षं मीच करत होते. अध्यक्ष मात्र दुसरे होते.

मी म्हैसूरला लष्कर मोहल्ल्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात गणित शिकवते. आमचं घराणं जुन्या संस्थानच्या घोडदळातलं. घोडे गेले, मराठी राहिली, तीही निम्मी कानडी. शाळेत मला सगळे 'राव मिस' म्हणतात. मला याद्या करायची सवय आहे. भाजीची यादी मी मार्केटातल्या गाळ्यांच्या क्रमाने लिहिते, म्हणजे उलटं फिरावं लागत नाही. असं माणूस कुठल्याही संस्थेत दिसलं की त्याला सहकार्यवाह करतात आणि मग विसरून जातात.

आमचा संघ जिल्ह्यातल्या हायस्कूल शिक्षकांचा. शिकवणं सोडून शिक्षकाच्या आयुष्यात जे जे येतं, ते संघाकडे येतं. अडकलेली वेतनवाढ, हरवलेलं सर्व्हिस बुक, जनगणनेची ड्यूटी, मतदानाची ड्यूटी, आणि दोन्ही एकाच दिवशी आल्या तर कुठे जायचं हा प्रश्न. या सगळ्याची फाइल करायची मी, आणि ती फाइल काखेत मारून कचेरीत जायचे पुट्टराजू सर.

पुट्टराजू सर आमचे अध्यक्ष. व्यायामशिक्षक. देह मोठा, डोकं मोठं, आवाज त्याहून मोठा. माणूस मनाने सरळ, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याविरुद्ध उभी राहणार आहे.

एकदा आम्ही दोघं उपसंचालकांकडे गेलो होतो. वेतनवाढीच्या थकबाकीबद्दल साहेबांनी काहीतरी आडवं विचारलं. सरांनी मान तिरकी केली. मी त्यांच्या कानात उत्तर सांगितलं. त्यांनी तेच उत्तर मैदानावर शिट्टी मारावी तसं खणखणीत दिलं. साहेब खूश झाले. म्हणाले, "पुट्टराजू, सगळं तोंडपाठ आहे हो तुम्हाला."

परत येताना रिक्षात सर मला म्हणाले, "बरं बोललो ना, मेडम?"

"छान बोललात," मी म्हणाले, आणि त्याच रिक्षात अध्यक्षपदाला उभं राहायचं ठरवलं.

संघात स्त्रियांसाठी 'महिला उपाध्यक्षा' असं एक पद होतं. तिने कार्यक्रमात समईपाशी उभं राहून पाहुण्यांच्या हातात काडेपेटी द्यायची. अध्यक्षपदाला बाई कधी उभी राहिली नव्हती. मला वाटलं, बायका सदस्य निम्म्याहून जास्त आहेत, काम कोण करतं हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे आता राहिला फक्त हिशेब. गणित शिकवणाऱ्या माणसाला हा एक आजारच असतो.

मी जाहीरनामा लिहिला. भरपूर कलमं होती. पोटकलमंही होती. वेतनश्रेणी, बढतीची ज्येष्ठता यादी, वैद्यकीय खर्चाची परतफेड, सर्व्हिस बुकची वार्षिक तपासणी. शेवटी 'इतर' असं कलम घातलं आणि उरलेलं सगळं त्यात कोंबलं. छापून आल्यावर मी तो आमच्या शाळेतल्या शिवणशिक्षिकेला, रुकम्माला, दाखवला. रुकम्मा आमच्यासारखीच मराठी, पण शिंप्यांच्या घरातली. तिच्या घरी शिवणयंत्र आणि विठ्ठलाची तसबीर एकाच खोलीत, आणि भजन म्हणतानाही कुणाचा तरी पाय यंत्रावर असायचा.

तिने कागद उलटासुलटा करून पाहिला. "चांगलं आहे की मालक्का. परीक्षा कधी आहे ह्याची?"

"नीट वाच गं."

"वाचले. सर काय वाटतायत?"

"काही नाही. ते नुसते मोटारसायकलवरून फिरतायत. शाळेत शिरतात, 'ऊट आयता' विचारतात आणि पुढच्या शाळेत जातात."

'ऊट आयता' म्हणजे जेवण झालं का. आमच्याकडे हा नमस्कारच असतो.

"मग तू पण तेवढंच विचार की," रुकम्मा म्हणाली. "सुम्मने कशाला एवढं लिवायचं, उगाच?"

मी ऐकलं नाही. जेवणाच्या चौकशीवर मत मागणं मला हलकं वाटलं.

आता प्रचाराची गोष्ट. संवाद सगळे कानडीत झाले, मी ते मराठीत देते. दोन-तीन शब्द तेवढे तसेच ठेवते, कारण भानगड त्या शब्दांतच आहे.

मी प्रत्येक शाळेची यादी केली आणि शाळा सुटायच्या आधी शिक्षकांच्या खोलीत जायला लागले. गोकुलमच्या एका शाळेपासून सुरुवात केली. बाहेर काखेत गुंडाळी मारून योगाला निघालेल्या गोऱ्या पोरी, आत चहा पिणारे आमचे लोक. मी जाहीरनाम्याच्या प्रती वाटल्या, कलमं समजावली आणि पेन काढून प्रत्येकापुढे उभी राहिले.

"मत कुणाला?"

"खंडिता मेडम. तुम्हालाच."

"तुमचं?"

"खंडिता."

कानडीत खंडिता म्हणजे नक्की, शंभर टक्के. ज्यांनी खंडिता म्हटलं त्यांच्या नावापुढे मी बरोबरची खूण केली. काही जण नुसतं 'आयतु' म्हणाले. आयतु म्हणजे झालं, ठीक आहे. त्यांना अर्धी खूण. आणि काही जण 'नोडोण' म्हणाले, म्हणजे बघू या. त्यांच्यापुढे शून्य. गोकुलमच्या शाळेतून निघाले तेव्हा पान खुणांनी भरलं होतं.

वास्तविक मी इथेच जन्मले. दारात वर्गणी मागायला कुणी आलं की माझे वडील 'खंडिता, खंडिता' म्हणत त्याला फाटकापर्यंत पोचवायचे आणि फाटक लावून घ्यायचे, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. उमेदवार झाल्यावर ते मला आठवलं नाही.

शिवाय माझं आडनाव. आमच्या घराण्यात पुरुषांच्या नावाला 'राव' लागतं, मग ते पुढे आडनावासारखं मुलींनाही चिकटतं. या गावात राव म्हटलं की लोक वेगळीच जात धरून चालतात. एका शाळेत तर संस्कृतच्या एका सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आपलं माणूस उभं राहिलं, फार बरं झालं." मी खूण केली. नंतर कुणाच्या तरी बारशात त्यांनी मला मटणाच्या पंगतीत बसलेलं पाहिलं. त्यांनी नमस्कार फक्त जरा लांबून केला. उलट मटणाच्या पंगतीतले लोक मला पहिल्यापासून संस्कृतवाल्यांची समजत होते. दोन्हीकडच्यांनी मला दुसऱ्यांची म्हणून सोडून दिलं होतं, आणि माझ्या यादीत मात्र दोन्हीकडे बरोबरच्या खुणा होत्या.

अग्रहारातल्या मुलींच्या शाळेत वेगळंच झालं. तिथे जयलक्ष्मी म्हणून समाजशास्त्राच्या बाई होत्या. माझ्याहून वडील, कमी बोलणाऱ्या. त्यांनी माझा जाहीरनामा चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. असं करणारं अख्ख्या प्रचारात ते एकच माणूस.

"पेपर तपासणीचं कुठे आहे यात?" त्यांनी विचारलं.

बाहेरच्यांसाठी सांगते. दहावीचे पेपर आम्ही घरी तपासत नाही. एप्रिलच्या उन्हात जिल्ह्यातले शिक्षक एका मोठ्या शाळेत गोळा करतात, गठ्ठे देतात, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाकांवर बसवून तपासून घेतात. आमचं केंद्र मुलांच्या शाळेत असायचं. बायकांसाठी मागच्या बाजूला एक स्वच्छतागृह होतं आणि त्याला कायम कुलूप होतं. म्हणून बायका सकाळी घरून निघताना पाणी पीत नसत. दुपारी कुणाला तरी घेरी यायची. मलाही एकदा आली होती. मी त्यावर उपाय म्हणून पर्समध्ये ग्लुकोज ठेवायला लागले आणि तो विषय माझ्यापुरता मिटवला.

"आहे ना," मी म्हणाले. "शेवटच्या कलमात. 'इतर'मध्ये."

"इतर," जयलक्ष्मी म्हणाल्या. "आमचं ते पहिलं आहे."

खोलीतल्या बाकीच्या बायका चहाच्या कपात बघत होत्या. मी जयलक्ष्मींच्या हातातली प्रत घेतली, पेनाने बाण काढून ते कलम वर नेलं आणि परत दिली. छापील मजकुरावर हाताने खाडाखोड करायची पाळी माझ्यावर तोवर आली नव्हती.

"मग, मत?"

त्यांनी चष्मा डबीत ठेवला. "नोडोण."

बाकीच्याही सगळ्या नोडोण. मी पूर्ण पानभर शून्यं काढली आणि अग्रहार गेलं असं समजून रिक्षा पकडली.

घरी आल्यावर मी यादी नवऱ्याला वाचून दाखवली. आमचे हे सांगलीचे. बँकेच्या नोकरीने इथे आले आणि इथलेच झाले, पण त्यांची कानडी अजून भाजी आणि रिक्षापलीकडे गेलेली नाही.

"हे बघा. एवढे सगळे खंडिता."

"अरेरे," ते म्हणाले.

"अरेरे काय?"

"एवढी मतं खंडित झाली म्हणतेस ना?"

मी त्यांना समजावलं की कानडीत त्याचा अर्थ बरोबर उलटा होतो. मराठीत जे तुटलेलं, ते इथे एकदम पक्कं.

"असं होय," ते म्हणाले आणि पेपर पुढे ओढला. थोड्या वेळाने पेपराआडून आवाज आला, "पण मालू, शब्द तर एकच आहे."

मला राग आला. तीस वर्षं राहून ज्याला भाषा येत नाही त्याने असं बोलू नये, असं मी त्यांना सुनावलं. पुढे जे झालं त्यानंतर त्यांनी हा विषय एकदाही काढला नाही. एकत्र राहायला हे पुरतं.

आता माझ्या हातून झालेल्या सगळ्यात मोठ्या मूर्खपणाकडे येते. आमच्याकडे सत्कार म्हणजे शाल, फळांची परडी आणि पेटा. पेटा म्हणजे फेटाच, पण तो डोक्यावर बांधत बसत नाहीत. जरीच्या काठाचा, आधी बांधून टोपीसारखा पक्का केलेला मिळतो. त्यामुळे त्याला डोक्याचं माप लागतं. निकालाच्या संध्याकाळीच नव्या अध्यक्षाचा सत्कार करायची संघाची पद्धत, आणि सत्काराची सगळी तयारी सहकार्यवाहाची. म्हणजे माझी. पेटा नेहमी रुकम्माच्या भावाकडून यायचा.

"माप कुणाचं सांगू?" रुकम्माने विचारलं. "सरांचं दादाकडे आहे."

"माझं घे."

तिने माझ्याकडे पाहिलं. "निवडणूक व्हायची आहे अजून."

"यादी बघितलीस ना?"

"बघितली बिडि." बिडि म्हणजे सोड आता. तिने गळ्यातली टेप काढली. "आंबाडा धरून घेऊ की सोडून?"

यावर मी खरोखर विचार केला. पेट्याखाली आंबाडा बसणार नाही, म्हणून त्या दिवशी वेणी घालायची असं ठरवलं आणि तिला सोडून माप घ्यायला सांगितलं.

"बारीकच आहे गे डोकं तुझं," टेप गुंडाळत ती म्हणाली. तेव्हा मी ते मापाबद्दल समजले.

मतदान ठिकठिकाणच्या केंद्रांवर झालं आणि संध्याकाळी मतपेट्या एका सभागृहात मोजल्या. मी वेणी घालून, रेशमी साडी नेसून पहिल्या रांगेत बसले होते. गोकुलमची पेटी उघडली. माझ्या बरोबरच्या खुणांचं ते पान अगदी पाठ होतं मला. त्या पेटीतून माझी इतकी थोडी मतं निघाली की त्यांतलं एक चुकून पडलं असेल असं समजायला जागा होती. पुढच्या पेट्याही तशाच. शेवटी अग्रहाराची पेटी आली. त्यातली जवळजवळ सगळी मतं माझी. मोजणाऱ्यांनी गठ्ठा दुसऱ्यांदा मोजला.

मी पडले. थोडक्यात नाही, चांगली पडले.

सत्काराचं सूत्रसंचालनही माझ्याकडे होतं. सरांना मंचावर बोलावलं, शाल पांघरली, फळं दिली आणि मग पेट्याचा डबा उघडताना माझ्या लक्षात आलं. पण तोवर सरांनी मान पुढे वाकवली होती. मी पेटा ठेवला. तो त्या भव्य डोक्यावर कलशावरच्या नारळासारखा टेकून राहिला. सरांनी मान सरळ केली आणि तो घसरला. त्यांनी एका हाताने तो धरला आणि दुसऱ्या हाताने माइक. सभागृह हसायला लागलं. सरांनी पेटा काढून आत वाकून पाहिलं.

"मेडम, हे कुणाचं माप?"

 पहिल्या रांगेतून रुकम्मा म्हणाली, "दुकानाची चूक हो सर."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या वेणीकडे पाहिलं. त्यांना कळलं. ते माइकमध्ये म्हणाले, "डोकं मोठं असून माझा काय उपयोग? संघ चालतो तो आमच्या राव मेडमच्या डोक्यावर." आणि टाळ्या झाल्या. इतक्या वर्षांत माझ्या नावाने त्या सभागृहात वाजलेल्या त्या पहिल्या टाळ्या. मला त्या वेळी मंचाला मागचं दार आहे का, एवढंच जाणून घ्यायचं होतं.

खाली उतरल्यावर सर म्हणाले, "सहकार्यवाह तुम्हीच राहणार ना?"

"नाही सर. आता मी साधी सदस्य."

त्यांना ते खरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, संघाचा रबरी शिक्का कुठे आहे. मी तो, लेटरहेडचे कागद आणि सगळ्या फाइली रुकम्माबरोबर पाठवून दिल्या. मग काही महिने संध्याकाळी मला काय करावं ते कळेना. घरातल्या मसाल्याच्या डब्यांना चिठ्ठ्या लावून झाल्या. नवऱ्याच्या औषधांना लावल्या.

एप्रिलमध्ये पेपर तपासणी आली. तेच केंद्र, तेच ऊन, मागच्या दाराला तेच कुलूप. दुपार व्हायच्या आत एका तरुण बाईंना घेरी आली. मी पर्समधलं ग्लुकोज काढलं. जयलक्ष्मी शेजारच्या बाकावर होत्या. त्यांनी त्या पुडीकडे पाहिलं आणि आपलं लाल पेन टोपण लावून खाली ठेवलं.  मी ग्लुकोज त्या तरुण बाईंना दिलं आणि केंद्रप्रमुखांच्या खोलीकडे निघाले. मागून चपलांचे आवाज आले म्हणून वळून पाहिलं तर जयलक्ष्मी होत्या, आणि त्यांच्यामागे बाक रिकामे होत होते.

केंद्रप्रमुख परगावाहून आलेले. मी त्यांच्याकडे मागच्या कुलपाची चावी मागितली. त्यांनी विचारलं, "आपण संघाच्या कोण?"

"कुणी नाही."

"मग अध्यक्षांमार्फत पत्र द्या. बघतो."

एरवी मी तिथेच बसून पत्र लिहिलं असतं, तीन प्रतींत. पण आता ना लेटरहेड होतं, ना शिक्का. त्यामुळे मला तोंडाने बोलावं लागलं. "पत्र नाही देत. बायका घरी जाऊन येतील. ज्यांची घरं लांब आहेत त्यांना वेळ लागेल. तोवर गठ्ठे थांबतील, तेवढं वर कळवून ठेवा."

"म्हणजे सगळ्या?"

मी मागे पाहिलं. व्हरांडा भरला होता. "सगळ्या," मी म्हणाले.

त्यांनी शिपायाला हाक मारली. चावी मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणातच होती. दार उघडलं तर आत मोडके बाक छतापर्यंत रचलेले. बायकांनी पदर खोचले. तेवढ्यात पुरुषांच्या हॉलमधून पुट्टराजू सर धावत आले. काय चाललंय ते त्यांनी विचारलं नाही, बाह्या सारल्या आणि दोन-दोन बाक एकदम उचलून मैदानात टाकायला लागले. मग हात झटकून, "आता आम्ही पुरुष लांब जातो," असं मोठ्याने सांगून खरंच लांब गेले.

शिपायाने बादलीभर फिनेल ओतलं. दारापुढे बायकांची गर्दी झाली. मी सवयीने पेन काढलं आणि बाजूला उभी राहून क्रम लावायला लागले. आधी मधुमेहवाल्या, मग वडीलधाऱ्या, मग त्या घेरी आलेल्या बाई.

जयलक्ष्मींनी माझं मनगट धरलं.

"लाइन नाव नोड्कोतीवि," त्या म्हणाल्या. रांगेचं आम्ही बघतो. "नीव मोदलु होगि." तुम्ही पहिल्या जा.

रांग दोन बाजूंना सरली. कुणी हसलं नाही, कुणी काही विचारलं नाही, वाट मोकळी झाली. मी पेन पर्समध्ये घातलं, पर्स जयलक्ष्मींच्या हातात दिली आणि पहिली गेले.

आत नळाला पाणी होतं.